कुंभवलीच्या वळणावरचे हात

जागृतीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. ही सवय घरातूनच लागलेली. तिचे वडील कमलाकांत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्याच्या डाईंग खात्यात होते. संध्याकाळी ते माकुणसारला घरी आले की ही धावत जाऊन त्यांची नखं बघायची आणि आज कारखान्यात कोणता रंग चालला ते सांगायची. निळ्याचा अंदाज कधी चुकत नसे. पिवळा मात्र नखांच्या कडेला लपून बसायचा. पुढे मुलगी जाहिरातींच्या चित्रकलेचा अभ्यासक्रम करायचं म्हणाली तेव्हा आईनं कुरकुर केली, पण वडील एका शब्दानं आड आले नाहीत.

मुंबईच्या कॉलेजात चार वर्षं काढताना तिनं एक जाडजूड वही भरली. बिस्किटांची वेष्टनं, काड्यापेट्यांवरची चित्रं, ट्रकच्या पाठीवरच्या अक्षरांचे फोटो, साबणाच्या जुन्या जाहिराती, जे आवडेल ते त्या वहीत चिकटायचं. कुठे अडलं की ती वही उघडायची, आणि निम्म्या वेळा वाट सापडायची. शेवटच्या वर्षी सरांनी सगळ्या वर्गाला एका प्रदर्शनाला नेलं. तिथे एका तरुण चित्रकर्तीनं आपल्या आजीच्या चपलांची चाळीस चित्रं लावली होती. चप्पल तीच, कधी ओली, कधी अंगठा तुटलेली, कधी दुसऱ्याच कुणाच्या चपलेवर चढून बसलेली. बाकीची मुलं दहा मिनिटांत बाहेर पडली. जागृती दीड तास तिथेच होती. एकच वस्तू चाळीस वेळा बघितली तर चाळीस वस्तू दिसतात, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि आपणही असं काहीतरी करायचं हे तिनं मनात पक्कं केलं.

नोकरी लागली ती मात्र बोईसरला, मेहुलभाईंच्या दुकानात. दुकान स्टेशनच्या पश्चिमेला. बाहेरून बघाल तर फ्लेक्स छापायचं, आत मेहुलभाई त्याला एजन्सी म्हणायचे. वाढदिवसाचे बॅनर, क्लासेसच्या निकालाचे बोर्ड, श्रद्धांजल्या, अधूनमधून वसाहतीतल्या एखाद्या कंपनीचं कॅलेंडर. जागृती मन लावून करायची. श्रद्धांजलीच्या बोर्डावर गुलाबाच्या पाकळ्या टाकायला तिचा नकार असे, आणि गिऱ्हाईकाला ती तो पटवूनही द्यायची.

दुपारच्या सुट्टीत ती बाजारात जायची. सुक्या मासळीच्या रांगेत मुरब्याहून येणारी साखरबाई बसायची. साठीच्या पुढची बाई, तिच्यासोबत सून प्रियंका. पहिल्या दिवशी जागृतीला दिसले ते साखरबाईचे हात. बोंबलांची जुडी बांधताना, सुकटीतला कचरा वेचताना, तागडीची दांडी धरताना ते हात प्रत्येक वेळी वेगळेच व्हायचे. मिठानं आणि उन्हानं कातडीला भेगा पडलेल्या, डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. उजव्या मनगटावर हिरवा विंचू गोंदलेला होता, त्याचा एक पाय बाकीच्यांपेक्षा बराच लांब. गोंदताना सुई टोचली आणि मी हात ओढला, साखरबाई सांगायची, तेव्हा मी सात वर्षांची होते.

जागृतीनं विचारलं, "मावशी, तुमच्या हातांची चित्रं काढू का?"

साखरबाईला आधी ही थट्टाच वाटली. हातांत काय हाय, तोंडाचं तरी काढ, ती म्हणाली. मग जागृतीनं सरळ सांगितलं की तुमचे हात फार सुंदर आहेत, मी आजवर असे हात पाहिले नाहीत. साखरबाईनं आपले हात उलटे-सुलटे करून पाहिले, जणू दुकानातून आणलेली वस्तू तपासावी, आणि म्हणाली, "काढ बाय, तुला आवडतात तर."

त्यानंतर वर्षभर हे चाललं. जागृती डबा खाऊन तिच्या शेजारी उलट्या टोपलीवर बसायची आणि काढायची. कधी वेळ कमी असला तर मोबाईलवर फोटो घ्यायची, घरी जाऊन त्यावरून काढायची. साखरबाईला त्याची इतकी सवय झाली की फोटो निघतोय हेही तिच्या ध्यानात येईनासं झालं. सणाला ती जागृतीच्या पिशवीत सोड्यांची, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीची, पुडी टाकायची. एकतीस चित्रं झाली. चाळीस झाली की कुठेतरी लावायची, जागृतीनं ठरवलं होतं.

मार्चमध्ये मेहुलभाईंकडे एक मोठं काम आलं. वसाहतीतली एक छोटी कंपनी हातापायांच्या भेगांवरचं मलम काढणार होती. मोठे बोर्ड, मेडिकलच्या दुकानांसाठी पत्रकं, काउंटरवर ठेवायचे पुठ्ठ्याचे उभे फलक, सगळं एकाच ठिकाणी करून हवं होतं. कल्पना अगदी नेहमीची, मलम लावायच्या आधीचा हात आणि नंतरचा हात. जागृतीनं विकतच्या फोटोंतून तीन-चार हात काढून दाखवले. कंपनीचे मालक म्हणाले, हे आपल्याकडचे वाटत नाहीत, लोकांना पटायला पाहिजेत. उद्या सकाळपर्यंत द्या, नाहीतर मी वापीला देतो.

मेहुलभाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मोबाईल उघडला.

पुढे तिनं स्वतःला किती तरी वेळा विचारलं की त्या क्षणी मनात काय होतं. लाज नव्हती, हे तिला आठवतं. उलट उत्साह होता. फोटो उत्तम होता. तिरपा प्रकाश, मागे काळं टोपलं, हात अर्धवट उघडलेला. तिनं भेगा थोड्या गडद केल्या. रंग थोडा मळवला. विंचू पुसून टाकावा असं एकदा मनात आलंही. पुसायला दोन मिनिटं लागली असती. तिनं पुसून पाहिला, तर हात मेल्यासारखा दिसायला लागला, बोर्डाचा सगळा तोलच गेला. म्हणून विंचू तिनं परत आणला. मग ओळ हवी होती. मेहुलभाईंनी सुचवलेल्या ओळी तिला पांचट वाटल्या. तिनं स्वतः लिहिलं, "असे हात लपवावेसे वाटतात?"

मालक खूश झाले. मेहुलभाईंनी सगळ्यांना पेढे वाटले, त्यांच्या धंद्यातल्या लोकांच्या ग्रुपवर तिच्या नावासकट बोर्डाचा फोटो टाकला. पालघर-वसईकडच्या अनोळखी लोकांनी तिची वाहवा केली. एकानं लिहिलं, असा खरा हात कुठून शोधलात? तिनं हसरा चेहरा पाठवला.

सगळ्यांत मोठा बोर्ड कुंभवलीच्या वळणावर लागला. मुरब्याची एसटी त्याच रस्त्यानं जाते. हे जागृतीला माहीत होतं. बोर्ड कुठे लावायचे त्याची यादी तिनंच टाईप केली होती. पण एसटीत साखरबाई असते, तिच्या गावची सगळी माणसं असतात, ही गोष्ट टाईप करताना तिच्या डोक्यात शिरली नाही. की शिरली आणि तिनं बाहेर ढकलली, हे तिला अजून नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवस काम इतकं होतं की ती बाजारात फिरकली नाही. गेली तेव्हा लांबूनच तिला वेगळं काही दिसलं. साखरबाईच्या हातांत कारखान्यात वापरतात तसे निळे रबरी मोजे होते, कोपरापर्यंतचे. सुकट उचलताना ती मोज्यांतून सांडत होती. तागडी प्रियंकाकडे होती.

काय झालं म्हणून विचारल्यावर साखरबाईनं मोजा आणखी वर ओढला. प्रियंकानं सांगितलं. कुंभवलीला बोर्ड लागलाय, त्याच्यावर आईंचा हात आहे, विंचवावरून सगळ्या गावानं ओळखला. नातवानं एसटीत मोठ्यानं अक्षरं वाचून दाखवली. मग सिडको कॉलनीतल्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईनं विचारलं, तो तुमचाच हात ना, आणि बोंबील तुमच्या हातून नको, सुनेला द्यायला सांगा, म्हणाली. आणि परवा पुतणीची हळद होती. गावात कुणाचीही हळद असो, पहिला हात आईंचा असतो. परवा मात्र आई मांडवाच्या मागे बसून राहिल्या. पोरगी बोलवायला आली तर म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला तरी लावू दे.

साखरबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"तू त्या बोर्डांच्याच दुकानात हायेस ना, बाय? जरा विचार ना, कोणी केलं ते. बाजारात कोणीतरी चोरून फोटू काढला असंल. मला त्याला एकदा बघायचंय."

जागृती म्हणाली, "विचारते, मावशी."

हे दोन शब्द पुढचे सहा दिवस तिच्या मानगुटीवर बसले. डबा तसाच घरी परत यायचा. वडिलांनी विचारलं, बरं नाही का, तर नुसती मान हलवली. बाजाराचा रस्ता टाळून ती मागच्या गल्लीनं स्टेशनला जाऊ लागली. साखरबाईच्या मनात आपला संशयसुद्धा आला नाही, हे तिला सगळ्यांत जास्त टोचत होतं. संशय आला असता तर निदान भांडण झालं असतं.

मेहुलभाईंना तिनं बोर्ड काढायला सांगितलं. ते चिडले नाहीत, समजावून सांगू लागले. जागेचा करार महिनाअखेरपर्यंतचा आहे, मध्येच काढला तर मालक काय म्हणतील. आणि हाताला कुठे नाव असतं, दोन महिन्यांत लोक विसरतील. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच तिला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी ती त्यांना न सांगता थेट कंपनीच्या मालकांकडे गेली. फोटोला त्या बाईची परवानगी घेतलेली नाही, तिनं तक्रार केली तर तुमचं नाव येईल, असं तिनं सांगितलं. मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे मेहुलभाईंना फोन करून बोर्ड उतरवायला सांगितलं.

बाहेर पडून रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की साखरबाईचा हात तिनं न विचारता वापरला होता, आणि आता तक्रारीची धमकीही तिला न विचारताच वापरली.

दोन दिवसांनी बोर्ड लावणारा धीरज कुंभवलीच्या सांगाड्यावर चढला. जागृती खाली उभी होती. असे उतरवलेले फ्लेक्स गावोगाव जातात, घरावर, गोठ्यावर, मासळीवर झाकायला. हा एखाद्या दिवशी मुरब्यालाच जाऊन पडेल या भीतीनं तिनं धीरजकडून तो मागून घेतला. तो देताना धीरज म्हणाला, एवढा मोठा घेऊन काय करणार, ताई? तिनं घडी घालायला एक टोक धरलं. माकुणसारला घरामागे बसून तिनं आणि वडिलांनी तो कात्रीनं कापला. वडिलांनी एकदाही कारण विचारलं नाही. मनगटाचा तुकडा त्यांच्या बाजूला आला तेव्हा ते थोडे थांबले आणि पुन्हा कापू लागले. नंतर आपणहून तिनं त्यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले की मग त्या बाईंना सांगायला कधी जातेस?

रविवारी ती मुरब्याला गेली. एकतीस चित्रं सोबत घेतली होती. का, ते तिला धड माहीत नव्हतं. साखरबाई घरासमोर वाळलेले बोंबील बांबूवरून उतरवत होती. हातांत मोजे नव्हते. जागृतीला बघून तिनं हात पदराखाली घेतले. ते बघून आल्या पावली परत फिरावं असं जागृतीला वाटलं.

प्रियंकानं पाणी आणलं. जागृतीनं पिशवीतून चित्रं काढून ओट्यावर ठेवली. साखरबाईनं पदरातला हात बाहेर काढून एकेक कागद उचलला. घाई केली नाही. एका चित्रात ती तागडी धरून होती, ते तिनं बराच वेळ डोळ्यांसमोर धरलं. "हे माजे?" तिनं विचारलं. जागृतीनं मान हलवली. मग एका कागदावर, काळ्या टोपल्यापुढे अर्धवट उघडलेला हात आला. बोर्डावरच्या फोटोवरून काढलेलं चित्र. साखरबाई थांबली.

"बोर्ड कोणी केला?"

तिच्या विचारण्यावरून जागृतीला कळलं की उत्तर साखरबाईला आत्ताच मिळालं आहे. तरीही सांगायला हवं होतं.

"मी केला, मावशी. फोटो माझा. दुकानातल्या दुसऱ्या कुणाचा हात नाही त्यात."

"आणि ती अक्षरं? हात लपवायची?"

ती ओळ कंपनीनं दिली, असं म्हणता आलं असतं. साखरबाईनं ते मानलंही असतं. जागृती म्हणाली, "तीपण माझीच."

प्रियंका दारात उभी होती, ती आत निघून गेली. समोरच्या घरातली जमनाकाकी जाळं शिवत बसली होती, तिचाही हात थांबला. साखरबाईनं कागद एकावर एक रचले, कडा जुळवल्या.

"टोपलीवर बसून तू बोललेलीस, माजे हात सुंदर हायेत. ते खोटं होतं का?"

"नाही. ते खरं होतं."

"मग हे?"

जागृतीनं सांगायचा प्रयत्न केला. काम तातडीचं होतं, सकाळपर्यंत द्यायचं होतं, फोटो हाताशी होता. बोलता बोलता तिला आपलाच आवाज मेहुलभाईंच्या समजावण्यासारखा ऐकू यायला लागला, तेव्हा ती गप्प झाली. चुकलं माझं, एवढंच शेवटी म्हणाली.

ऊन उतरलं होतं. साखरबाई उठली आणि बोंबील काढायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "ती चितरं घेऊन जा. हात माज्याजवळ हायेत."

मदत करू का, असं जागृतीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, कागद पिशवीत घातले आणि एसटीच्या थांब्याकडे गेली. परतीच्या वाटेवर कुंभवलीच्या सांगाड्यावर एका शाळेच्या प्रवेशाचा बोर्ड लागलेला होता. बसमधल्या कुणीही तिकडे पाहिलं नाही.

मेहुलभाईंकडचं काम गेलंच. मालकांकडे परस्पर गेल्याचं त्यांना फार लागलं होतं, आणि जागृतीनं त्यांची समजूत काढली नाही. आता ती पालघरला एका शालेय पुस्तकं छापणाऱ्याकडे पानांची मांडणी करते. बोर्ड उतरला, पण पत्रकं आणि पुठ्ठ्याचे फलक तोवर कितीतरी मेडिकलमध्ये पोचले होते. रजेच्या दिवशी ती एकेका दुकानात जाऊन मागते. बेटेगावच्या एका दुकानदारानं तर तिला कंपनीचं माणूस समजून आणखी चार फलक आणून द्यायला सांगितले. काही मिळतात, काही मिळत नाहीत. किती उरलेत ते कुणालाच ठाऊक नाही.

साखरबाईनं मोजे सोडले, असं प्रियंकाकडून कळलं. मे महिन्याच्या उकाड्यात ते घालवेनात आणि सुकट हातातून निसटायची, म्हणून. पुढच्या हळदीला ती पुढे झाली की नाही, हे विचारायचा धीर जागृतीला झाला नाही. जूनमध्ये एकदा तिनं बाजारात जायचं धाडस केलं. साखरबाई उघड्या हातांनी सोडे मोजत होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं, आणि कुठल्याही गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारलं, "काय देऊ, ताई?"

जागृतीनं सुकट मागितली. वजन बरोबर होतं, पुडी नीट बांधलेली होती. आईनं घरी ती तळली तेव्हा वडील आणि आई जेवले, जागृती भात आणि डाळ जेवली.

परवा प्रकाशकाला एका धड्यासाठी डोंगराकडच्या बाईचा फोटो हवा होता. स्टेशनबाहेर जांभळं विकायला बसलेल्या नवसीबाईंसमोर जागृती जमिनीवर बसली आणि तिनं सगळं समजावून सांगितलं, फोटो कशासाठी, कुठल्या पुस्तकात, खाली काय छापलं जाईल, किती पोरं ते बघतील. दोन वेळा सांगितलं. नवसीबाईंनी ऐकून घेतलं, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि काढ म्हणाल्या.

जागृतीनं मोबाईल हातात घेतला. मग जांभळांचे दोन द्रोण घेतले, उद्या येते म्हणाली, आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती त्या बाजूला गेली नाही. धड्यात तिनं नुसता डोंगर छापला.